गेटचा रिकामा दिवस

९ ऑक्टोबर
ऑफिसातून

ती. मामा,

नमस्कार. ‘पत्रास कारण की’ असं लिहून सुरुवात करणार होते, पण सात वर्षांत कारणं इतकी साठली आहेत की पहिलं कुठलं उचलावं ते कळेना. म्हणून सोपं आधी. मी बरी आहे. केस पांढरे झालेत, जीभ होती तशीच आहे. तुमची खुशाली मामींकडून कळते. त्यावरून त्यांना बोलू नका. फोन मी करते, त्या फक्त उचलतात.

मोठ्या सुट्टीच्या शर्यतींचं वेळापत्रक छापून आलं. सोबत एक प्रत पाठवते आहे. एकोणीस वर्षांपूर्वी तुम्ही हाताला धरून मला या ऑफिसात आणलंत, तेव्हा वेळापत्रक विभागात पाच माणसं होती. आता मी, एक टायपिस्ट आणि एक कपाट. तरी यंदाचं वेळापत्रक बघण्यासारखं झालंय हो. पहिला दिवस शहरातल्या मोठ्या मैदानाचा. तिथे अकराशे मीटरची शर्यत ठेवलीय. ती म्हणजे शिंक, आली आली म्हणेपर्यंत गेली. पण सुट्टीच्या पहिल्या दिवशी लोक नवे कपडे दाखवायला येतात, त्यांना शिंकच बरी. दुसरा दिवस नदीकाठच्या मैदानाचा. तिथे मैलाच्या शर्यती, ज्यांना घोड्यातलं खरंच काही कळतं त्यांच्यासाठी. चौथा दिवस डोंगरावरच्या मैदानाचा, अडथळ्यांच्या शर्यतींचा. त्या बघायला लोक कशाला जातात हे कुणी कबूल करत नाही, पण कुंपणापाशी सगळ्यांत जास्त गर्दी तिथेच असते. आणि तिसरा दिवस आपला. आपल्या लहान मैदानाचा, जिथे तुम्ही एकतीस वर्षं स्टार्टर होता, शर्यती सोडत होता.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? वेळापत्रक नीट बघा. दुसरा दिवस नदीकाठ, तिसरा दिवस आपण. मध्ये काय नाही?

तुम्ही मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. नदीकाठचं मैदान आणि आपलं मैदान मिळून चाकांवरचं गेट एकच. ज्या पिंजऱ्यांत घोडे उभे करून सगळी दारं एका क्षणी उघडतात, ते आख्खं लोखंडाचं धूड ट्रकमागे बांधून आणायचं, जागेवर बसवायचं, एकेक दार पन्नासदा उघडून बघायचं. म्हणून दोन्ही मैदानांच्या मध्ये एक चौकोन कोरा सोडायचा. “तो रिकामा दिवस नाही,” तुम्ही म्हणाला होता, “तो गेटचा दिवस आहे. गेटलाही सुट्टी लागते.” अठरा वर्षं मी तो चौकोन कोरा सोडला. यंदा रविवार असा काही आला की सुट्टी एका दिवसाने आखडली. मला तो कोरा चौकोन दिसला आणि वाटलं, वा, इथे जागा आहे की! स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला माझ्याइतका नेम कुणाचा नाही.

चूक माझ्या लक्षात आली तेव्हा छापील प्रती गावोगाव गेल्या होत्या. ट्रेनरांनी घोड्यांची नावं दिलीत. दिवस हलवता येत नाही, आणि गेट चोवीस तासांत पोचत नाही. गेट नसेल तर नियमाने झेंड्यावर, म्हणजे उंच धरलेला झेंडा खाली पाडून, शर्यत सोडता येते, फक्त झेंड्याचा परवाना असलेला स्टार्टर हजर हवा. असे दोघेच उरलेत. एकाचा खुबा मोडलाय. दुसरे तुम्ही.

याल का?

त्या वेळी तुमची लांब पल्ल्याची शर्यत बंद झाली, ती लोकांना कंटाळा आला म्हणून. तुम्हीही ते पाहिलं होतंत. तो विषय आता जुना झाला. दिवस वाचला पाहिजे, एवढंच.

तुमची
टाचणी

ता.क. या नावाने मला आता कुणी हाक मारत नाही. ऑफिसात मी ‘मॅडम’ आहे. टोचते मात्र तेवढीच.


१ नोव्हेंबर

ती. मामा,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. पत्ता: ‘वेळापत्रक विभागप्रमुख यांस’. मजकूर: ‘परवाना संपला. गुडघे संपले. क्षमस्व.’ सात वर्षांनी पाच शब्द! तरी मी ते कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. तुमचा ‘क्ष’ अजून तसाच, दोन पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्यासारखा. तो बघून मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही, नाहीतर तुम्ही पुढचं वाचणार नाही.

आधी परवान्याचं. तो संपलेला नाही. दर मार्चमध्ये त्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मी भरते. सही तुमचीच आहे, अगदी अस्सल. मामी दरवर्षी तुमच्यापुढे एक कागद सरकवतात आणि विजेच्या मीटरचा आहे म्हणून सांगतात ना? सात वर्षांत तुम्ही एकदाही तो वाचला नाहीत. घोड्याचे दात तपासल्याशिवाय त्याला रांगेत न घेणारा माणूस! मामींवर रागवायचं असेल तर खुशाल रागवा. त्या म्हणतात, “रागावू दे, तेवढाच बोलेल तरी.”

गुडघ्यांचं म्हणाल तर तुम्ही चौथऱ्यावर चढायचं नाही. नियम मी तीनदा वाचला. स्टार्टर मैदानात हजर असला आणि त्याने खूण केली, तर त्याच्या मदतनिसाने झेंडा पाडला तरी चालतो. मदतनीस मी. मी वीस वर्षांची असताना तुम्ही माझ्याकडून मदतनिसाची परीक्षा देववलीत, तेव्हा मी कुरकुरले होते की मला टेबलाचं काम करायचंय, गवतात उभं राहायचं नाही. माझाही परवाना मी दरवर्षी ताजा ठेवत आले. का ठेवला ते मला विचारू नका. काही माणसं गेलेल्या माणसाच्या चपला दारात ठेवतात, त्यातलाच प्रकार असेल.

आता दुसरं. मागच्या पत्रात मी एक वाक्य लिहिलं, ते टपालात पडल्यापासून मला झोप नाही. लांब पल्ल्याची शर्यत लोकांना कंटाळा आला म्हणून बंद झाली, असं मी लिहिलं. ती बंद करायचं ठरलं त्या मीटिंगमध्येही मी हेच म्हणाले होते. मोठ्या मैदानाचे सेक्रेटरी, आपले कोटसाहेब, म्हणाले, “सात वर्षांवरच्या थकलेल्या घोड्यांनी बत्तीसशे मीटर धावायचं, आणि तेही झेंड्यावर? हे बघतं तरी कोण?” आणि मी उभी राहून म्हणाले, “खरं आहे, लोक ती सुरू व्हायच्या आधीच घरी जातात.”

जात होते. पण का जात होते? कारण त्याआधी दोन वर्षांपासून मी ती शर्यत शेवटी टाकली होती, पाच पस्तीसला. आणि मैदानाबाहेरून शेवटची बस सुटायची पाच वीसला. माणसं शर्यतीला कंटाळली नव्हती, चालत घरी जायला कंटाळली होती. तुम्ही मला तेव्हाच सांगितलं होतं, “अगं, बस निघून जाते.” मी म्हटलं, बघू. बघितलं नाही. टीव्हीवाल्यांना चारच्या सुमाराला शिंका हव्या होत्या, मी शिंका दिल्या.

त्या मीटिंगमध्ये तुम्ही माझ्या समोरच्या खुर्चीत होता. मला विभागप्रमुखाच्या खुर्चीवर बसून सहाच महिने झाले होते आणि कोटसाहेबांना तिथे त्यांचा माणूस हवा होता. तुम्ही ‘बस’ एवढा एक शब्द उच्चारला असतात तर शर्यत वाचली असती आणि माझी खुर्ची गेली असती. तुम्ही मूग गिळून बसलात. मग उठलात, टोपी घेतलीत आणि त्याच आठवड्यात मामींना घेऊन गाव सोडलंत. मला आधी वाटलं, तुम्हाला माझं पटलं. मग वाटलं, रागावलात. आता कळतं की तुम्ही मला वाचवलंत, आणि वाचवल्यावर माझं तोंड बघणं तुमच्याच्याने होईना. त्याला मी तरी काय म्हणणार?

आभार मानायला सात वर्षं लावली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

या खेपेला मात्र वेळ नाही. कोटसाहेब कालच गोड आवाजात म्हणाले, “तुमच्या मैदानाची अडचण असेल तर तिसरा दिवस आम्ही सांभाळतो.” सुट्टीचा दिवस एकदा मोठ्या मैदानाने सांभाळला की तो परत येत नाही, हे तुम्ही जाणता. आपल्याला वर्षाला एकच सुट्टीचा दिवस मिळतो. त्या एका दिवसाच्या गर्दीवर मैदान वर्षभर उभं असतं. तो गेला की पुढच्या वर्षी तिथे भिंत येईल, त्याच्या पुढच्या वर्षी इमारती. गवत राखणारे माळीबुवा मला रोज विचारतात, “मॅडम, रोलर फिरवू ना?” मी म्हणते, फिरवा. माझ्या चुकीची शिक्षा त्या गवताला होऊ नये.

तुमची
टाचणी


६ डिसेंबर

ती. मामा,

जाड पाकीट आलं. टायपिस्ट म्हणाली, “मॅडम, कोर्टाचं दिसतंय.” आत शर्यतींची आठ जुनी कार्डं आणि प्रत्येकाच्या मागे तुमचं बारीक अक्षर! ‘येतो’ असं एका ठिकाणीही लिहिलेलं नाही, मी दोनदा शोधलं. पण झेंडा कसा धरायचा हे मात्र सगळं आहे. ‘घोड्याच्या तोंडाकडे बघू नको, जॉकीच्या मनगटाकडे बघ. घोडा खोटं बोलत नाही, मनगट बोलतं.’ ‘रांग उभी करू नको. चालत येऊ दे. उभा घोडा विचार करतो.’ ‘बाहेरचा घोडा एक पाऊल मागे असेल तर थांब, दोन पावलं मागे असेल तर शिवी दे.’ शिवी कुठली ते लिहिलेलं नाही. ती मला येते, तुमच्याकडूनच शिकले.

आम्ही ऑफिसच्या गच्चीवर सराव केला. हिशेब विभागातले दोघे, शिपाई आणि टायपिस्ट असे चार घोडे. मी पाण्याच्या टाकीशेजारी स्टुलावर, हातात टेबल पुसायचं फडकं. शिपाई घोडा म्हणून फारच उत्तम निघाला, प्रत्येक वेळी कान टवकारून उभा. टायपिस्ट मात्र सगळ्यांच्या पुढे पळते. तिला म्हटलं, “बाई, चालत ये.” तर म्हणते, “मॅडम, मला जिंकायचंय.” तिसऱ्या दिवशी कुठे चौघं एका ओळीत आले. मी फडकं खाली आणलं आणि सगळे जिन्याकडे धावले, कारण जेवणाची सुट्टी झाली होती.

एक बातमी. दोन वर्षांच्या शिंगरांना झेंड्यावर सोडणं बरं नाही, हे तुमच्या पाचव्या कार्डात वाचलं आणि ती शर्यत मी नदीकाठी हलवली. तिच्या जागी भोक पडलं. भोक बुजवायला काय घातलं, सांगा बरं? बत्तीसशे मीटर, सात वर्षांवरचे घोडे, मैदानाला दोन फेऱ्या. कोटसाहेबांनी तोच प्रश्न विचारला, बघणार कोण? मी म्हटलं, “साहेब, दुपारी सव्वादोनला लावलीय. तेव्हा सगळे असतात.” मामा, हे उत्तर इतकं सोपं होतं.

त्या शर्यतीत मजा कशात आहे हे मला आता कळतंय, हेही कबूल करते. घोडे स्टँडसमोरून दोनदा जातात. पहिल्यांदा जाताना प्रत्येकजण आपला एक घोडा निवडतो, बहुतेक चुकीचा. मग ते पलीकडे लहान होत जातात, आणि शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला दोन मिनिटं मिळतात. दुसऱ्यांदा येतात तेव्हा आख्खा स्टँड ओळखीचा झालेला असतो. शिंकेत हे होत नाही. मी नुसती घड्याळाकडे बघत आले, त्यात माझी दोन मिनिटं हुकली.

अकरा घोडे आलेत. एक तर चौदा वर्षांचा आहे. त्याचा ट्रेनर म्हणाला, “जिंकायला नाही हो, पण घरी बसून तो भिंत चावतो.” मला का कोण जाणे, तुमची आठवण झाली.

घोडामैदान जवळच आहे. मी बाराला फाटकाशी उभी राहीन.

तुमची
टाचणी


२९ डिसेंबर

ती. मामा, सौ. मामी,

परवा तुमच्याशी बोलायला वेळच मिळाला नाही. सहावी, शेवटची शर्यत सुटली आणि ती संपेपर्यंत तुमची गाडी निघूनही गेली होती. जे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत तेच पुन्हा लिहिते आहे. पण तुम्ही पाहिलंत ते तुमच्या खुर्चीतून, आणि मी होते चौथऱ्यावर.

बाराला फाटकाशी उभी होते. साडेबारा झाले, पाऊण झाला. कोटसाहेब छत्री टेकून मैदानाकडे असे बघत होते, जणू पडदे कुठल्या रंगाचे लावायचे ते ठरवतायत. मग एक पांढरी गाडी आली आणि आधी काठी उतरली, मग एक पाय, मग बऱ्याच वेळाने तुम्ही. मी वाकून पाया पडले तर म्हणालात, “ऊठ. चौथऱ्याची पायरी हलतेय, कुणी बघितली का?” कुणी बघितली नव्हती. माळीबुवांनी तिथल्या तिथे पाचर ठोकली. सात वर्षांनंतरचं आपलं पहिलं बोलणं पायरीवर झालं. मला ते फार आवडलं.

पहिल्या शर्यतीत मी घाई केली. मनगटांकडे बघायचं विसरले, तोंडांकडे बघत बसले. झेंडा पडला तेव्हा दोन घोडे तिरपे होते. पुढे उभ्या असलेल्या माणसाने परतीचा झेंडा हलवला आणि सगळे माघारी. स्टँडमधून हशा आला. मला वाटलं, संपलं. तुम्ही खुर्चीतून एवढंच म्हणालात, “होतं. परत.” तेव्हा तुम्ही दोन शब्दांऐवजी तीन बोलला असतात तर मी रडले असते. दुसऱ्या खेपेला सुटली. पुढची शर्यत एकदम सुटली. कोटसाहेब छत्री उचलून चहा घ्यायला गेले ते परत दिसले नाहीत. काल समितीचं पत्र आलं, पुढच्या वर्षीही सुट्टीचा तिसरा दिवस आपलाच. माळीबुवांना वाचून दाखवलं तर म्हणाले, “म्हणजे रोलरला तेल घालायला हवं,” आणि डोळे पुसत निघून गेले.

मामी, तुम्ही मला पाण्याच्या नळापाशी गाठून जे सांगितलंत ते मी मामांना लिहिते आहे, रागावू नका. मामा, वेळापत्रक छापलं की त्याची एक प्रत दरवर्षी मागवून तुम्ही भिंतीला लावता म्हणे, आणि माझ्या चुकांवर लाल पेन्सिल फिरवता. यंदाचं माझ्या पत्राच्या चार दिवस आधीच तुमच्याकडे आलं होतं. त्यात तुम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाच्या मध्ये एक उभी रेघ ओढलीत. मग ट्रंक उघडलीत, झेंडा काढलात, धुतलात, इस्त्री केलात आणि खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवलात. मामींनी विचारलं, “कशाला?” तर म्हणालात, “पोरगी बोलावेल.” आणि मी बोलावल्यावर काय लिहिलंत? गुडघे संपले! मामा, तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. पोस्टकार्ड टाकलंत त्या दिवशीसुद्धा तो झेंडा खुर्चीवरच होता. तुम्ही येणारच होता. तुम्हाला फक्त मी बसची गोष्ट कधी कबूल करते ते बघायचं होतं. बरं केलंत. नाहीतर मी कधीच केली नसती, आणि तुमच्याशेजारी उभी राहून आयुष्यभर खोटीच राहिले असते.

आता सव्वादोनच्या शर्यतीचं.

अकरा घोडे चालत आले. चौदा वर्षांचा तो म्हातारा सगळ्यांत बाहेर, एक पाऊल मागे. मी थांबले. तो आला. मी झेंडा वर उचलला. आता तुम्ही मान हलवायची आणि मी सोडायचं. मी मनगटांवर नजर ठेवून तुमच्या खुणेची वाट बघत राहिले. खूण येईना. एका जॉकीने ओरडून विचारलं, “बाई, आज सोडताय ना?” मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर तुम्ही घोड्यांकडे बघतच नव्हता. तुम्ही खुर्ची फिरवून बसला होता, पाठ मैदानाकडे, तोंड स्टँडकडे. स्टँड गच्च भरलेला होता. पायऱ्यांवरही माणसं होती. कुंपणापाशी पोरं खांद्यांवर घेऊन बाप उभे होते.

“मामा,” मी म्हटलं.

तुम्ही वळला नाहीत. हळूच म्हणालात, “कुणी गेलं नाही गं.”

मग एकदम भानावर आलात, घोड्यांकडे पाहिलंत आणि ओरडलात, “अगं सोड की! थांबलीस कशाला!”

रांग अगदी सरळ होती असं सगळे सांगतात. तुम्ही सोड म्हणालात म्हणून मी झेंडा पाडला. मला काही दिसत नव्हतं.

तुमची
टाचणी